चोवीस डिस्कांची सुनावणी

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या तळघरात एक माणूस सव्वीस वर्षं यंत्रांची हजेरी घेत होता. म्हणून वरच्या मजल्यांवर त्याला हजेरीच म्हणत. उंचीनं बेताचा, खांदे जरा पुढं आलेले, आणि भर उन्हाळ्यातही अंगात स्वेटर. यंत्रं तापू नयेत म्हणून तळघरात बारा महिने गारठा राखलेला असे. संध्याकाळी थांब्यावर लोक घाम पुसत उभे असायचे आणि हा त्यांच्यात स्वेटर घालून बसची वाट पाहायचा. लोक त्याच्यापासून हातभर लांब सरकत. त्याला तेही बरंच वाटे.

तळघरात चोवीस सर्व्हर होते, चार लोखंडी कपाटांत सहा-सहा. प्रत्येकाच्या पोटात दोन डिस्का. लहान डिस्क चार वर्षांपूर्वीची. तिच्यावर यंत्र चालवणारी सिस्टिम. मोठी डिस्क नऊ वर्षांपूर्वीची, तिच्यावर नोंदी. कागदी नोंदवह्या केव्हाच लगद्याच्या कारखान्यात गेल्या होत्या. शहरात कोण जन्मलं आणि कोण गेलं हे आता त्या चोवीस मोठ्या डिस्कांना ठाऊक होतं, दुसऱ्या कुणाला नाही. जादा प्रती टेपांवर होत्या, पण टेप वाचायचं यंत्र मोडीत निघालं होतं. टेपा मात्र कपाटात कुलूप लावून जपल्या होत्या. त्या कुणाला वाचता येत नसल्यानं त्यांची गोपनीयता शंभर टक्के होती, असं वार्षिक अहवालात म्हटलं होतं.

हजेरीची कामाची एक रीत होती. यंत्रावर सिस्टिम नव्यानं बसवायची तर आधी एक डिस्क कोरी करावी लागते. कोणती, हे यंत्र ठरवतं, आणि यंत्राची ठरवण्याची तऱ्हा न्यारी. ते चालू झालं की आत हाक मारतं. जी डिस्क आधी ओ देईल ती पहिली, मागून ओ देईल ती दुसरी. मोठी कोण, जुनी कोण, कुणाच्या पोटात काय आहे, याचं त्याला सोयरसुतक नाही. बहुतेक वेळा लहान डिस्क चटकन ओ देते. कधी मात्र मोठीच आधी बोलून बसते, आणि मग एखाद्या दशकातली सगळी माणसं जन्मायचीच राहून जातात. म्हणून हजेरी सिस्टिम बसवण्याआधी मोठ्या डिस्कची मूठ धरून तिला दोन बोटं बाहेर ओढून ठेवायचा. हाक ऐकू जाणार नाही इतकी लांब. काम झालं की तळव्यानं हलकेच आत ढकलायचा. एका यंत्राला अर्धा दिवस लागे. वरचे लोक हसत. तो हसू देई.

एकोणीस नंबरच्या यंत्रापाशी तो जरा जास्त रेंगाळे. त्या यंत्रातल्या मोठ्या डिस्कवर सोळा वर्षांपूर्वीच्या जन्मांची एक नोंद होती. मुलगी. जन्म सकाळी सहा दहा, मृत्यू त्याच दिवशी दुपारी तीन दहा. नावाचा रकाना रिकामा. वडिलांच्या रकान्यात हजेरीचं नाव, आईच्या रकान्यात त्याच्या बायकोचं. त्या मुलीचा फोटो नव्हता, कपडा नव्हता, तिला पाहिलेली नर्स दुसऱ्या शहरात गेली होती. ती होऊन गेली याचा जगात पुरावा म्हणजे ती एक ओळ. एकदा त्यानं ती ओळ साध्या कागदावर छापून घरी नेली होती. बायकोनं कागद पाहिला आणि घडी न घालता परत दिला. म्हणाली, "हे म्हणजे आपणच आपल्याला पत्र लिहिल्यासारखं झालं. तिथं आहे ना ती? मग तिथंच असू दे. सरकारी जागेत आहे, सुरक्षित आहे."

तेव्हापासून त्यानं ती नोंद उघडली नाही. रोज सकाळी एकोणीस नंबरचा हिरवा दिवा लुकलुकतोय हे पाहायचं, आणि वीस नंबरकडं जायचं.

मग नव्या संचालक मॅडम आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात कार्यालयातली घड्याळं एका वेळेवर आणली. तोवर त्या इमारतीत कुणी कुणावर एवढा अन्याय केला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ठरवलं की चोवीसही यंत्रांवर नवी सिस्टिम बसेल, एका शनिवारी, एका बटणात, आणि माणसाचा हात न लागता. त्यासाठी एका कंपनीचा माणूस आला. पस्तिशीचा, पाठीवर पिशवी, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडं पाहणारा.

"यंत्र प्रश्न विचारणार आणि माझी फाइल उत्तरं देणार," त्यानं हजेरीला समजावलं. "भाषा कुठली, घड्याळ कुठलं, डिस्क कुठली, सगळं आधीच लिहिलेलं. मध्ये आपण कुणीच नाही, काका."

"डिस्क कुठली, याचं उत्तर काय लिहिलंय?"

"पहिली."

"पहिली कोण?"

"पहिली म्हणजे... पहिली, काका."

हजेरीनं त्याला कोपऱ्यातल्या एका भंगारात निघालेल्या यंत्रापाशी नेलं आणि ते दहा वेळा चालू-बंद करून दाखवलं. सात वेळा लहान डिस्क पहिली आली, तीन वेळा मोठी. कंपनीवाल्यानं अकराव्यांदा स्वतः चालू केलं. मोठी.

"अरे बाप रे," तो म्हणाला. या खेपेला त्यानं हजेरीच्या डोळ्यांत पाहिलं. "मी आजवर दीडशे ठिकाणी हेच लिहिलंय."

"तिथं काय झालं?"

"कुणी फोन केला नाही."

उपाय सोपा होता. प्रत्येक डिस्कच्या अंगावर कारखान्यातच एक कायमचा नंबर कोरलेला असतो. 'पहिली' असं न लिहिता तो नंबर लिहायचा. चोवीस यंत्रांसाठी चोवीस ओळी, अर्ध्या तासाचं काम. हजेरीनं नंबर उतरवून दिले आणि मॅडमकडं रीतसर टिपण पाठवलं: 'डिस्कांचा क्रम निश्चित करण्याबाबत.'

इथं त्याचं चुकलं. सव्वीस वर्षं त्या इमारतीत काढून त्यानं कागदावर 'क्रम' हा शब्द लिहायला नको होता.

मॅडमनी तो शब्द पाहिला आणि टिपण आस्थापना अधीक्षकांकडं पाठवलं, कारण कार्यालयातला कुठलाही क्रम हा त्यांच्या अखत्यारीतला. अधीक्षक सरळ पाठीचे, स्वच्छ दाढी केलेले गृहस्थ. कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता यादी सोडून त्यांनी आयुष्यात दुसरं काही मन लावून वाचलं नव्हतं. त्या यादीत ते स्वतः अकरा वर्षं दुसरे होते. पहिल्या क्रमांकावरचे खरे अधीक्षक दीर्घ रजेवर होते आणि रजेवर असूनही पहिलेच होते. त्यामुळं यांच्या दारावरच्या पाटीवर 'प्रभारी' हा शब्द होता. सफाईवाली रोज ती पाटी पुसायची. शब्द काही निघत नव्हता.

"हजेरी, बसा," अधीक्षक म्हणाले. त्यांच्यापुढं साहित्याची नोंदवही उघडी होती. "हे काय वाचतोय मी? चार वर्षांची लहान डिस्क पहिली, आणि नऊ वर्षं सेवा झालेली मोठी दुसरी? कुणाच्या हुकमानं?"

"साहेब, पहिलीवर सिस्टिम बसते. म्हणून लहान..."

"म्हणजे सगळा कारभार लहानीच्या हातात. आणि मोठी बसणार तिच्या तोंडाकडं बघत."

"साहेब, तसं नाही. पहिली असणं मानाचं नाही. जी पहिली, ती पुसली जाते."

"पुसली जाते म्हणजे?"

"कोरी होते. तिच्यावरचं सगळं जातं."

अधीक्षकांनी पेन उघडलं. मग हळू आवाजात म्हणाले, "पहिल्या जागेवर बसल्यावर माणसाचं काय होतं, हे ज्याचं त्याचं नशीब. तो आस्थापनेचा विषय नाही. आस्थापनेचा विषय क्रम." आणि त्यांनी लाल शाईनं लिहिलं: नोंदवहीतल्या तारखेप्रमाणे मोठी डिस्क क्रमांक एक, लहान क्रमांक दोन. लिहून झाल्यावर पेन तसंच हवेत धरून त्यांनी विचारलं, "आणि मोठी गैरहजर असली तर?"

"गैरहजर?"

"रजा असते, आजारपण असतं. लिहायला हवं." त्यांनी खाली आणखी एक ओळ घातली: ज्येष्ठ डिस्क हजर नसल्यास तिच्या खालची प्रभारी म्हणून काम पाहील. ती ओळ लिहिताना त्यांचं अक्षर जरा जास्तच सुंदर आलं.

हजेरी जिना उतरला. आधी दहांत तीनदा घात झाला असता. आता, त्याच्याच टिपणामुळं, दहांत दहादा होणार होता. यंत्राची लहर होती तोवर एकोणीस नंबर कदाचित वाचलीही असती. आता तिचं नाव यादीत सगळ्यात वर होतं.

तो कंपनीवाल्याकडं गेला. कंपनीवाल्यानं दोन्ही हात वर केले. "सही झालेली यादी आहे, काका. मी आहे तशी फाइलमध्ये चढवली. मागं एका ठिकाणी मी सही झाल्यावर एक स्वल्पविराम काढला होता, त्याची चौकशी अजून चालू आहे."

तो मॅडमकडं गेला.

"मॅडम, यानं सगळ्या नोंदी जातील."

"अधीक्षकांनी पाहिलंय ना?"

"त्यांनी क्रम पाहिलाय."

"कंपनीनं?"

"कंपनीनं नंबर पाहिलेत."

"मग बघायचं राहिलं काय?"

"डिस्का, मॅडम."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्या वाईट नव्हत्या; घाईत होत्या. "हे बघा, तुम्ही आयुष्यभर हातानं काम केलंत. ते सुटताना त्रास होणारच. मी समजू शकते. पण शनिवारी अकराला बटण दाबलं जाईल." आणि त्यांनी तळघराची किल्ली मागून घेतली. दुपारी दाराला कागदी मोहोर लागली: मानवी हस्तक्षेपास मनाई. तिच्यावर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग होता.

हजेरीची बायको बस आगारात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर काम करायची. छत्र्या, डबे, एकेकटे बूट आणि कधी कधी कवळ्या, यांच्यामध्ये तिची वीस वर्षं गेली होती. त्यामुळं तिला कशाचं नवल वाटत नसे. त्या संध्याकाळी हजेरीनं ताटावर बसल्या बसल्या सगळं सांगितलं. एकोणीस नंबरचं मात्र बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. तिनं पाण्याचा पेला त्याच्यापुढं सरकवला.

"कधी?"

"शनिवारी अकराला."

"म्हणजे तीन दिवस." तिनं त्याला भाजी वाढली. "तुमच्याकडं यादी लागली की लोक हरकत घेतात ना?"

"घेतात. माणसं घेतात."

"माणसं नाहीत तर मग त्यांची ज्येष्ठता यादी कशी लावली?"

हजेरीचा घास हातातच राहिला.

"आमच्याकडं गेल्या महिन्यात एक बाई आली," बायको म्हणाली. "हरवलेली छत्री दुसऱ्यालाच दिली म्हणून भांडायला. मी म्हटलं, बाई, लेखी द्या. लेखी दिलं की जग थांबतं बघा. द्या की लेखी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अधीक्षकांच्या टेबलावर चोवीस हरकती होत्या. प्रत्येक मोठ्या डिस्कची एक. मजकूर सगळ्यांचा एकच: मला प्रथम क्रमांक देण्यात आला आहे, तो मला मान्य नाही, माझं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय यादी अंतिम करू नये.

अधीक्षकांनी पहिली वाचली, दुसरी वाचली, आणि चष्मा काढून पुसला. "तेहतीस वर्षं," ते म्हणाले. "तेहतीस वर्षांत पहिला क्रमांक नको म्हणून कुणी अर्ज केला नाही. आणि तोही मुदतीत."

"साहेब, सुनावणी मिळेल?"

"न मिळायला काय झालं? पण अर्जदाराची सही?"

"त्यांना सही येत नाही."

"अंगठा?"

"तोही नाही."

"मग अंगावरचा नंबर लिहा त्या जागी. आणि ऐका, अर्जदारानं समक्ष हजर राहायचं. प्रतिनिधी चालत नाही. मी माझ्या हरकतीच्या वेळी अंगात ताप घेऊन आलो होतो." त्यांनी दिनदर्शिका पाहिली. "शनिवार, अकरा."

"साहेब, तेव्हाच बटण दाबणार आहेत."

"दाबू देत. ते यंत्रांचं काम आहे. हे आस्थापनेचं."

मॅडमनी सुनावणीला हरकत घेतली नाही, कारण एव्हाना त्यांच्याही लक्षात आलं होतं की या इमारतीत हरकत घेतली तर तिचीही सुनावणी लागते. एवढंच म्हणाल्या, "अकरा म्हणजे अकरा. सुनावणी संपली की डिस्का परत जागेवर. आणि सिस्टिम नीट बसली नाही, तर सोमवारी सगळ्यांना आत घालून पुन्हा सगळं पहिल्यापासून."

हजेरीनं तोंडातल्या तोंडात हिशेब केला. सिस्टिम बसायला पन्नास मिनिटं लागतात. पन्नास मिनिटं मोठ्या डिस्का बाहेर राहिल्या तर फाइल त्यांना शोधेल, त्या सापडणार नाहीत, आणि 'प्रभारी'च्या ओळीप्रमाणं लहानीवर काम होऊन जाईल. सुनावणी त्याआधी आटपली, तर डिस्का आत जातील आणि अर्धवट राहिलेलं काम सोमवारी त्यांच्याच उरावर बसेल. म्हणजे पन्नास मिनिटं. चोवीस मुक्या अर्जदारांना घेऊन पन्नास मिनिटं काढायची होती.

शनिवारी पावणेदहाला अधीक्षकांनी मॅडमकडून किल्ली आणवली आणि स्वतःच्या हातानं तळघराची मोहोर फाडली. कंपनीवाला चाचरत म्हणाला, "साहेब, माणसाचा हात लागायचा नाही असं..."

"हा आस्थापनेचा हात आहे," अधीक्षक म्हणाले.

हजेरीनं एकेक मूठ धरून चोवीस डिस्का बाहेर काढल्या आणि हातगाड्यावर मऊ कापड घालून वर नेल्या. सभागृहात चोवीस खुर्च्या चार रांगांत मांडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीवर एक डिस्क, पुढ्यात पाण्याचा पेला. पेले अधीक्षकांनी सांगितले होते. सुनावणीत पाणी द्यावं लागतं. पेले डिस्कांपासून लांब सरकवताना हजेरीच्या कपाळावर घाम आला. तेव्हाही त्यानं स्वेटर काढला नाही.

पुकाऱ्याचं काम शिपाई मावशींकडं होतं. त्या दारात उभ्या राहून, डिस्का आतच बसलेल्या असल्या तरी, बाहेरच्या मोकळ्या व्हरांड्याकडं तोंड करून ओरडल्या, "अर्जदार क्रमांक एक! हजर आहे का?"

"हजर," हजेरी म्हणाला.

"तुम्ही कोण?" अधीक्षकांनी विचारलं.

"मी फक्त ती हजर असल्याचं सांगतोय, साहेब."

"ठीक. अर्जदाराचं म्हणणं काय?" अधीक्षकांनी डिस्ककडं पाहिलं. नियमाप्रमाणं एक मिनिट वाट पाहिली. मग लिहिलं: मौन. "पुढचा."

पहिल्या सहा जणींची मौनं नऊ मिनिटांत आटोपली. हजेरीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सातवीला त्यानं उठून सांगितलं की अर्जदाराच्या खुर्चीचा पाय हलतोय. खुर्ची बदलली. आठवीला पेला बदलला. दहावीला त्यानं नंबर चुकीचा वाचल्याची शंका काढली. अधीक्षकांनी भिंग मागवलं. मावशींच्या ते लक्षात आलं असावं, कारण तेराव्या पुकाऱ्याच्या आधी त्यांना खोकल्याची जी उबळ आली ती तीन मिनिटं थांबेना.

"मावशी, औषध घ्या काहीतरी," अधीक्षक वैतागले.

"घेते साहेब. संपलं की घेते."

तरीही अठरावी झाली तेव्हा एकोणतीसच मिनिटं झाली होती. राहिल्या सहा, आणि काढायची एकवीस मिनिटं. खुर्च्या, पेले, खोकला, सगळं वापरून झालं होतं.

"अर्जदार क्रमांक एकोणीस! हजर आहे का?"

हजेरी उभा राहिला.

"हजर."

"सेवा किती?" अधीक्षकांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आधी कुणाला विचारला नव्हता. बहुधा कंटाळून विचारला.

"नऊ तास," हजेरी म्हणाला.

अधीक्षकांनी वर पाहिलं. "नऊ वर्षं म्हणायचंय तुम्हाला."

हजेरीनं हो म्हटलं असतं तर मौन लिहून पुढचा पुकारा झाला असता. त्यानं घड्याळाकडं पाहिलं, मग खुर्चीकडं. "नाही साहेब. नऊ तास. अर्जदाराचं म्हणणं असं आहे."

"सांगा."

आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. सहा दहाला ती झाली तेव्हा खोलीत दिवा लावलेला होता आणि बाहेर उजाडलंही होतं, दोन्ही उजेड एकदम होते. सातला तिला त्याच्या हातात दिलं. तिच्या एका कानाची पाळी चिकटलेली होती. आठला ती शिंकली. दोनदा. नर्स म्हणाली, चांगलं असतं. नऊला डॉक्टर आले आणि फार वेळ बोलले नाहीत. दहाला त्यानं खाली जाऊन अर्ज भरला. नावाच्या रकान्यात 'नंतर' असं लिहिलं, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, 'नंतर' हे नाव नाही, रिकामं सोडा. अकराला बायकोला झोप लागली. बाराला तिनं, म्हणजे मुलीनं, त्याचं बोट धरलं. अर्जदाराचं म्हणणं असं की धरलं होतं. ते नुसतं तिथं ठेवलेलं नव्हतं. एकला तिला काचेच्या पेटीत नेलं. दोनला तो पेटीबाहेर उभा होता. एक माणूस फरशी पुसायला आला आणि म्हणाला, जरा पाय उचला. त्यानं पाय उचलले.

इथं तो थांबला. अधीक्षकांचं पेन चालू होतं. ते शब्दनशब्द लिहीत होते, कारण अर्जदाराचं म्हणणं तसंच लिहायचं असतं. तेही थांबले, आणि वर न पाहता म्हणाले, "तीनला?"

"तीन दहाला," हजेरी म्हणाला.

अधीक्षकांनी ते लिहिलं. मग ते आधीच्या ओळी वाचू लागले, पहिल्यापासून, ओठ हलवत. मावशी पुढचा पुकारा करायच्या विसरल्या. कुणी त्यांना आठवण केली नाही.

दार उघडून कंपनीवाला आत आला. त्याच्या केसांना तळघरातला गारठा लागलेला होता. "झालं," तो म्हणाला. "चोवीसच्या चोवीस. सगळीकडं लहान डिस्कवर. फाइलनं मोठ्या शोधल्या, सापडल्या नाहीत, मग ती तुमची प्रभारीची ओळ लागली. साहेब, मी ती तपासलीही नव्हती. एवढी चोख चालेल असं वाटलं नव्हतं."

"चालणारच," अधीक्षक म्हणाले. "प्रभारी काम करतोच. कुणी बघत नाही, एवढंच." त्यांनी राहिलेल्या पाचजणींची मौनं एकदम लिहिली आणि खाली निर्णय लिहिला: अर्जदारांच्या हरकती मान्य. ज्येष्ठता कायम, पण प्रथम क्रमांकाचं काम त्यांच्यावर लादू नये. मग सही केली, तारीख घातली, आणि खिशातून रुमाल काढून चष्म्याऐवजी नाक पुसलं.

डिस्का परत न्यायच्या तर मावशींच्या वहीत नोंद व्हायला हवी होती. सभागृहातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक अर्जदारासाठी त्यांच्याकडं एक वही होती. नंबर, वेळ, कोण घेऊन जातंय, आणि घेऊन जाणाऱ्याचं नातं. म्हातारे अर्जदार चक्कर येऊन पडत, त्यांना न्यायला घरची माणसं येत, तेव्हापासूनचा तो रकाना.

"हजेरीभाऊ, नातं काय लिहू?" मावशींनी विचारलं. "रिकामं सोडता येत नाही मला."

हजेरीनं एकोणीस नंबरची डिस्क खुर्चीवरून उचलली. "हिला वडील लिहा."

मावशींनी लिहिलं. "आणि बाकीच्या तेवीसजणींना?"

त्यानं तीन रांगा आणि चौथीतल्या उरलेल्या खुर्च्या पाहिल्या. कितीतरी वर्षांचे लोक तिथं एका जागी पेल्यांपुढं गप्प बसले होते. "शेजारी," तो म्हणाला.

मावशी तेवीस वेळा शेजारी लिहीत बसल्या. तोवर त्यानं बाकीच्या डिस्का गाड्यावर कापडात नीट ठेवल्या. एकोणीस मात्र गाड्यावर ठेवली नाही. दोन्ही हातांत धरून, व्हरांड्यातलं ऊन लागू नये म्हणून स्वेटरच्या पुढच्या भागाखाली घेऊन, तो जिन्याकडं निघाला. एकेका पायरीवर आधी पाऊल चाचपत.

"अहो, क्रम!" मागून अधीक्षक ओरडले. "एकोणीस आधी कशी चाललीय? आधी एक, मग दोन!"

"साहेब," मावशी म्हणाल्या, "तुम्ही गाडा धरा बघू दुसऱ्या बाजूनं. खाली पायऱ्या आहेत."